वाफसा गेला की गाई हलवायच्या : उघड्यावरच्या हिवाळी चराईचं एक प्रकरण

मी हे शेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिवाळा संपून पंधरवडा झाला होता. फाटकातून आत गेलं की समोरच खालचं, भारी जमिनीचं कुरण. मधोमध लोखंडी गव्हाण आणि तिच्याभोवती वीस-पंचवीस पावलांपर्यंत हिरवं काहीच नाही. बूट रुतला. ओढून काढला तर मागे राहिलेल्या खड्ड्यात लगेच पाणी भरलं, आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला. जमिनीला श्वास घ्यायला जागा उरली नाही की तो वास येतो.

कळप ६० गाभण गाईंचा, मांसासाठी पाळलेला. सरासरी वजन ५५० किलो. गोठा नाही, गाई वर्षभर बाहेरच. हिवाळ्यात गवताची वाढ पूर्ण थांबते, जमीन कधी गोठते, कधी वितळते, मध्येच पाऊस होतो. एकूण ३६ हेक्टर जमीन आहे. खाली ओढ्यालगत १० हेक्टर चिकण, निचरा मंद. वर ८ हेक्टर पोयटा-वाळू मिश्र, उतार सौम्य. बाकीची मधल्या प्रतीची.

आधीच्या हिवाळ्यात सगळी वैरण त्या एका गव्हाणीत पडत होती. कारण साधं होतं. रस्ता जवळ, पाण्याची टाकी जवळ, ओढ्याकाठच्या झाडांचा आडोसा जवळ. माणसाच्या सोयीचं सगळं एका ठिकाणी आलं आणि कळपही चार महिने तिथेच उभा राहिला. विण्याच्या वेळेपर्यंत बऱ्याच गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. पाचच्या मापावर शरीरस्थिती जेमतेम २, जिथे ती ३ च्या आसपास हवी. अशा गाई पुन्हा माजावर यायला उशीर करतात आणि पुढचं अख्खं वर्ष मागे सरकतं.

मालकांचं म्हणणं होतं की थंडीच फार पडली, चारा कमी पडला. मी वैरणीचा हिशेब मांडून पाहिला, तर चारा कमी नव्हता. कळपाने खाल्लेला चारा अंगाला लागला नव्हता.

थंडी आणि ओल

अंगावर दाट, कोरडे हिवाळी केस असलेल्या धडधाकट गाईला ढोबळमानाने उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत ऊब राखायला जादा खाणं लागत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात लांब धाग्याचं गवत आंबत असतं आणि त्यातून उष्णता निघत राहते. शेगडी आतच पेटलेली असते. पण तीच गाय कातडीपर्यंत भिजली की ही मर्यादा थेट १५ अंशांवर येते. मर्यादेच्या खाली दर अंशामागे ऊर्जेची गरज साधारण २ टक्क्यांनी वाढते. आता दोन दिवस शेजारी ठेवून पाहा. उणे १२ अंशांचा कोरडा दिवस : जादा गरज ८ टक्के. ३ अंशांचा पावसाळी दिवस : जादा गरज २४ टक्के. बर्फाळ दिवशी आपल्याला गाईंची कीव येते आणि रिमझिम दिवशी वाटतं की आज बरं आहे. खरं तर त्या रिमझिमीतच त्यांचं अंगावरचं जळत असतं.

चिखलाचंही तसंच. केस चिखलाने थापले गेले की केसांमधली हवा जाते, आणि ऊब तर त्या हवेतच असते. शिवाय घोट्यापर्यंत रुतत चालायला जोर लागतो, म्हणून गाय गव्हाणीकडे कमी फेऱ्या मारते आणि कमी खाते.

जमिनीचा स्वभावही गाईसारखाच निघतो, हे मला याच शेताने नीट शिकवलं. गोठलेली जमीन साठ गाईंचं वजन सहज पेलते. कोरडी जमीनही पेलते. पाण्याने भरलेली जमीन पेलत नाही. गाईचं सगळं वजन चार छोट्या खुरांवर असतं, आणि चालताना ते दोन-तीन खुरांवर येतं. ओल्या चिकणमातीत खूर घुसला की मातीतल्या पोकळ्या चिरडल्या जातात. वरचे पाच-दहा सेंटिमीटर असे दाबले गेले की पाणी मुरत नाही. मग पुढच्या पावसाला जमीन आणखी लवकर भरते आणि खूर आणखी खोल जातात. हे चक्र चार महिने चाललं होतं.

शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतो, म्हणजे माती ना चिंब ना कडक, मशागत सोसेल इतपतच ओली आहे का ते. नांगर घालायचा की नाही हे माती हातात घेऊन ठरवतो. गाई घालतानाही हाच नियम का नसावा? मालकांना मी हे विचारलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गाई घालतो म्हणजे मी काही मशागत करतो, असं कधी डोक्यातच आलं नाही.” साठ गाई म्हणजे २४० खूर. मशागत होतेच, आपण ती ठरवून करतो की नाही एवढाच प्रश्न.

उन्हाळ्याच्या अखेरीस मांडलेला हिशेब

हिवाळी चराई हिवाळ्यात ठरत नाही. मातीचं तापमान ५-६ अंशांखाली गेलं की थंड हवामानातल्या गवतांची वाढ बंद होते. त्याआधी अडीच महिने मधल्या प्रतीच्या १२ हेक्टरांवर गाईंना बंदी केली. बंदीआधी तिथलं गवत ८-१० सेंटिमीटरपर्यंत चारून घेतलं, म्हणजे नंतर वाढणार ती कोवळी पाती. जुनी, निबर काडी राखून काही उपयोग नव्हता. नत्राचा एक हलका हप्ता दिला आणि फाटक बांधून टाकलं.

मालकांना हे जड गेलं. समोर हिरवं कुरण उभं, आणि गाई पलीकडच्या खरडलेल्या तुकड्यात. दोनदा त्यांचा फोन आला की एक आठवडाभर सोडू का. नाही म्हणालो. राखीव गवताची बेगमी मोडली की हिवाळ्यात ती विकत घ्यावी लागते.

वाढ थांबल्यावर आम्ही मोजमाप केलं. पाव चौरस मीटरची लाकडी चौकट दहा ठिकाणी टाकली, आतलं गवत कात्रीने बुडापासून कापलं, वाळवलं आणि तोललं. सरासरी ७० ग्रॅम भरलं. त्याला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो येतात : २८०० किलो शुष्क पदार्थ. १२ हेक्टरांवर ३३,६०० किलो.

गाईला वजनाच्या दोन-सव्वादोन टक्के, म्हणजे दिवसाला १२ किलो शुष्क पदार्थ धरला. कळपाला ७२० किलो. पण उभं गवत सगळं पोटात जात नाही. कुरण सरसकट खुलं सोडलं तर गाई तुडवतात, त्यावर बसतात, शेणाने घाण करतात आणि जेमतेम ४० टक्के खातात. तेवढ्यावर १८-१९ दिवस निघाले असते. विजेच्या एका तारेने रोज नवी पट्टी दिली तर ६० टक्क्यांपर्यंत जाता येतं : २०,१६० किलो, बरोबर २८ दिवस. फक्त एक तार रोज सरकवायची. त्या गवताला नवीन खत नाही, नवीन बी नाही, तरी नऊ दिवसांची वैरण पदरात पडली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच.

१२० दिवसांतले २८ गेले. उरलेल्या ९२ दिवसांसाठी वाळलेलं गवत. त्याची गोल गासडी ४०० किलोची, ओलावा वजा जाता ३४० किलो. १५ टक्के नासाडी धरली तर दिवसाला अडीच गासड्या, एकूण २३०. आम्ही २७० ची सोय केली.

गासडी ठेवायची कुठे, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. या गवतात १० टक्के प्रथिनं होती, म्हणजे १.६ टक्का नत्र. एका गासडीत साडेपाच किलो नत्र होतं. गाय त्यातलं फार थोडं अंगात ठेवते, बहुतेक सगळं शेणामुतातून परत जमिनीवर. म्हणजे जिथे गासडी खाऊ घालाल तिथे खत पडणार. आधीच्या वर्षी हे सगळं खत त्या गव्हाणीभोवती, ओढ्याच्या काठी साचलं होतं. मूत्रातलं नत्र लवकर विरघळतं. हिवाळ्यात ते शोषायला वाढतं मूळ नसतं, म्हणून पावसाबरोबर ते खाली किंवा ओढ्यात जातं.

या वेळी २४० गासड्या वरच्या ८ हेक्टरांवर, जमीन कोरडी असतानाच, १८-१८ मीटरवर मांडून ठेवल्या. हेक्टरी ३०. हेक्टरी १६० किलोच्या आसपास नत्र. यापेक्षा दाट मांडल्या असत्या तर गवताला पेलवणार नाही इतकं नत्र झालं असतं. ओढ्याकडच्या कडेला ५० मीटरचा पट्टा रिकामा ठेवला. जाळी आणि सुतळी मांडतानाच काढली. हे काम पुढे ढकललं की ती बर्फात चिकटते, मग कुऱ्हाडीने तोडावी लागते आणि तुकडे गाईच्या पोटात जातात. उरलेल्या ३० गासड्या छपराखाली राखीव.

पाण्यासाठी वर नळी नेली. अशा कळपाला हिवाळ्यातही दिवसाला दोन हजार लिटरच्या घरात पाणी लागतं, बर्फ चाटून भागेल या भरवशावर राहायचं नव्हतं. कुंडाभोवती खडी पसरली. वाऱ्यासाठी ओढ्याच्या झाडांऐवजी हलवता येणारे फळ्यांचे आडोसे केले, अडीच मीटर उंच, फळ्यांमध्ये जवळजवळ चौथाई फट. पूर्ण बंद भिंतीमागे वारा भोवऱ्यासारखा उलटून येतो. फटीतून थोडा गेला की मागे २० मीटरपर्यंत शांत राहतं. आडोसा हलला की शेणाची जागाही हलते.

सहावा आठवडा

पहिले २८ दिवस ठरल्याप्रमाणे गेले. वरच्या कुरणात दर चार दिवसांनी १० गासड्यांची नवी पट्टी उघडत होतो. गोठलेल्या जमिनीत कुंपणाचा झटका नीट लागेना, कारण जमिनीतून वीज परत येत नव्हती. शेजारून परतीची दुसरी तार ओढली आणि काम झालं.

मग सहाव्या आठवड्यात वारं फिरलं. तापमान ३ अंशांवर आलं आणि पाऊस सुरू झाला. पहिल्या दिवशी वरच्या जमिनीने तो झेलला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा गासड्यांभोवती खुरांचे ठसे खोल दिसायला लागले होते. आम्ही आधीच ठरवलेलं होतं : ठसा पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेला की गाई हलवायच्या. हा आकडा पुस्तकातला नाही, त्या जमिनीवर पाहून ठरवलेला. मी बोट घालून पाहिलं, सात भरले.

त्याच दिवशी हलवायला हवं होतं, आणि तिथे मी कच खाल्ली. मालक म्हणाले, उद्या गोठण पडेल असं वाटतंय. मीही मान डोलावली. गोठण पडली नाही. आणखी दोन दिवस गेले आणि तेवढ्यात दोन पट्ट्या घोटाभर तुडवल्या गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी कळप एका हेक्टरच्या तुकड्यात नेला. तो तुकडा आम्ही आधीपासूनच बळीचा म्हणून राखला होता. खडकाळ, गवत विरळ, वसंतात नाहीतरी नव्याने पेरायचाच होता. छपराखालच्या गासड्या तिथे गव्हाणीत घातल्या आणि बसायला जुना पेंढा पसरला. ओल्या दिवसांत कोरडी बैठक म्हणजे अर्धा खुराक. त्या नऊ दिवसांत कळपाने नेहमीपेक्षा जास्त खाल्लं, २८ गासड्या. जमीन पुन्हा गोठली त्या पहाटे गाई वर गेल्या. पुढे अधूनमधून दुपारी जमीन वितळायची, म्हणून नवी पट्टी पहाटेच, जमीन कडक असताना द्यायची पद्धत पाडली.

बळीचा तुकडा ठेवला नसता तर त्या नऊ दिवसांत वरच्या कुरणातल्या आणखी पट्ट्या गेल्या असत्या. एक हेक्टर हातचा सोडायची तयारी उन्हाळ्यातच मनाने करून ठेवावी लागते. पावसात उभं राहून असा निर्णय होत नाही.

हाताने पाहिलेली गोष्ट

याच सुमारास मालकांच्या पत्नींनी एक गोष्ट पकडली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. पहिलारू कालवडी नऊ होत्या. लांबून बघता सगळ्या गोल, केसाळ, छान दिसायच्या. त्या एकदा एका कालवडीच्या अंगावरून हात फिरवत होत्या आणि मला म्हणाल्या, “डोळ्यांनी नका बघू, हात लावा.” मी तळवा बरगड्यांवर ठेवला, बोटं केसांतून आत रेटली. वर चार बोटं केस आणि खाली हाडावर ताणलेली कातडी. पाठीच्या कण्याशेजारी आडव्या हाडांची टोकं बोटाला टोचत होती.

कारण उघड होतं. नवी पट्टी उघडली की थोराड गाई चांगल्या गासड्या अडवून उभ्या राहतात, शिंगं नसली तरी मान पुरते. कालवडींच्या वाट्याला चौथ्या दिवसाचं, पायाखाली गेलेलं उरायचं. त्यांचं स्वतःचं अंगही अजून वाढायचं होतं आणि पोटात वासरू. त्या दिवसापासून नऊ जणींना वेगळी तार, वेगळ्या गासड्या आणि वर थोडं दाणं. विताना त्या पावणेतीनच्या आसपास होत्या. आणखी तीन आठवडे उशीर झाला असता तर भरून निघालं नसतं, कारण गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत अंगावर मांस चढवणं फार कठीण जातं. बाकी कळप ३ वर टिकला. गासड्या दोन डझनांवर उरल्या आणि वरच्या कुरणाचा एक कोपरा वापरावाच लागला नाही.

वसंतात, फावडं घेऊन

बर्फ गेल्यावर आम्ही दोन्ही कुरणांत फावडं मारलं. वरच्या कुरणातली माती हातात फुटली ती रवाळ, मुळं सरळ खाली गेलेली, एका फावड्यात सात-आठ गांडुळं. गासड्यांच्या जागी काळपट हिरवी वर्तुळं उठली होती. काही ठिकाणी उरलेल्या गवताचा थर इतका जाड की खालचे फुटवे पिवळे पडून गुदमरत होते. ते दाताळ्याने पसरवून टाकलं. उशीर केलेल्या त्या दोन पट्ट्या लांबूनच ओळखू येत होत्या, गवतापेक्षा तण जास्त. तिथे पुन्हा बी टाकलं.

खालचं भारी कुरण अख्खा हिवाळा रिकामं होतं. तरीही सहा-सात सेंटिमीटरवर फावडं ठेचलं. माती उचलली तर ती आडव्या चकत्यांमध्ये निघाली आणि गवताची मुळं त्या थरापर्यंत येऊन बाजूला वळलेली. गोठणं-वितळणं, मुळं, गांडुळं हळूहळू ते फोडतील, पण चिकणमातीला एक विश्रांती पुरत नाही. मालक त्या चकतीकडे बराच वेळ बघत राहिले. गाई मी तर एकाच हिवाळ्यात घातल्या होत्या, म्हणाले.

एक धोका मात्र याच यशातून निर्माण झाला होता. गासड्यांबरोबर नत्रासारखाच पालाशही (पोटॅशियम) वरच्या कुरणावर उतरला होता, हेक्टरी १८० किलोच्या घरात. पालाश भरपूर असलेलं, थंड हवेत झरझर वाढलेलं कोवळं गवत खाल्लं की कोठीपोटातून मॅग्नेशियम पुरेसं शोषलं जात नाही. नुकत्याच व्यालेल्या, दूध देणाऱ्या वयस्क गाईला शरीरातून ते पटकन काढता येत नाही. ती थरथरते, अडखळते, कोसळते, आणि काही तासांत दगावू शकते. सगळ्यात गर्द हिरवं कुरण सगळ्यात आधी चारावं असं कुणालाही वाटेल, म्हणून हे आधीच बोलून घेतलं.

मॅग्नेशियमयुक्त क्षार चराई सुरू होण्याआधी दोन आठवडे ठेवायला सुरुवात केली. वरच्या कुरणात पहिली चराई वर्षाच्या वासरांना दिली, कारण त्यांना हा धोका कमी. व्यालेल्या गाई पहिला महिना मधल्या तुकड्यांवर राहिल्या, जिथे गेल्या हिवाळ्यात राखीव गवत होतं.

मी निघालो त्या दिवशी मालक बळीच्या खडकाळ तुकड्यापलीकडच्या उघड्या टेकाडावर खुंट्या ठोकत होते. तिथली माती सगळ्यात हलकी. पुढच्या हिवाळ्यातल्या गासड्यांच्या रांगा तिथे येणार होत्या, १८-१८ मीटरवर, आणि दोन खुंट्यांच्या मध्ये त्यांनी फावडं उभं करून ठेवलं होतं.